‘माहीत नाही’चा रकाना

फाल्गुन लागला की आप्पांचा फोन येतो. आप्पा म्हणजे माझे वडील. कशी आहेस, जावई काय म्हणतात, असलं काही विचारत नाहीत. "कांदा चांगला आलाय. रविवारी येतीस का?" एवढं बोलून थांबतात आणि मी हो म्हटलं की फोन ठेवतात. काल आला. वाकडच्या चौदाव्या मजल्यावर बसून मी तो घेतला आणि उन्हात तापलेल्या गोणपाटाचा, कोरड्या कांद्याचा वास थेट नाकात आला. खरं तर इथे तो येणं शक्य नाही. आमच्या इमारतीत ऋतू खाली गेटपर्यंतच येतात, आणि वॉचमन त्यांना वर सोडत असेल असं वाटत नाही.

मोशीचं तसं नाही. आई-आप्पांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, नाशिक रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. चाकणच्या बाजारातून भरून निघालेले ट्रक तिथूनच जातात. कंपन्यांच्या बसगाड्या, नव्या कोऱ्या मोटारी वाहणारे लांबलचक ट्रेलर, आणि मधेमधे हे कांद्याचे ट्रक. वारा सुटला की सालं उडतात. ती बाल्कनीच्या जाळीत अडकतात, कोरफडीच्या कुंडीत साठतात, वाळत घातलेल्या साडीला चिकटतात. आई त्यांना शिव्या घालत रोज झाडते आणि संध्याकाळी पुन्हा तेवढीच सालं असतात.

फाल्गुन म्हटलं की मला एकच आठवतो. काही वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी माघापासून चैत्रापर्यंत माहेरी राहिले. लग्नानंतर इतकी सलग कधीच राहिले नव्हते. सकाळी आई वॉकर धरून हॉल ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या मारायची आणि मोठ्याने मोजायची. अकरा झाले की एकदम पंधरा म्हणायची. बाल्कनीतून आप्पांचा आवाज यायचा, "बारा, तेरा, चौदा ऱ्हायलं." आई म्हणायची, "गुडघा माझा हाय का तुमचा?" आणि तरीही मागे येऊन बारापासून पुन्हा सुरू करायची.

मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचे. इतिहासात एम.ए. करून मी पंधरा वर्षं क्लासमध्ये मुलांना सनावळ्या पाठ करायला लावल्या होत्या. क्लास बंद पडला आणि पुण्यातल्या एका संशोधन प्रकल्पाचं घरबसल्या काम मिळालं. जगातल्या निरनिराळ्या भागांत माणसांचे समाज कसकसे गुंतागुंतीचे होत गेले, ते जुन्या नोंदींवरून मोजायचं, असा तो प्रकल्प. प्रश्नावली सगळ्या जगाला एकच. रस्ते होते का, पूल होते का, वजनमापं होती का. पूर्णवेळ सैनिक होते का, न्याय देणारे होते का, अधिकाऱ्यांच्या वरखाली किती पातळ्या होत्या. माझ्याकडे आमचाच भाग होता, चाकण-खेडचा, शंभर-शंभर वर्षांचे टप्पे पाडलेला. छापील ग्रंथ आणि मोडीतून देवनागरीत उतरवलेल्या जुन्या कागदांचा एक ठरलेला संच समोर ठेवायचा आणि प्रत्येक प्रश्नापुढे तीनांतलं एक उत्तर निवडायचं. आहे, नाही, माहीत नाही. शेवटी संगणक या सगळ्यातून त्या समाजाचा एक आकडा काढणार होता.

आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "गुंतागुंत मोजायची? कशानं?"

त्यांनी आयुष्यभर मोजण्याचंच काम केलेलं. भोसरीतल्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनायचे, तिथे ते इन्स्पेक्शनला होते. हातात मापं घ्यायचा व्हर्निअर, समोर चेकशीट. माप बसलं तर टिक, नाही बसलं तर फुली, आणि तपासलंच नसेल तर तिरकी रेघ. रकाना मोकळा ठेवायचा नाही. हा नियम आमच्या घरातही होता. माझ्या परीक्षेच्या दिवसांत ते म्हणायचे, "आलं न्हाई तरी लिव काईतरी, मोकळं सोडू नको." तिरक्या रेघेबद्दल मात्र त्यांचं मत वाईट होतं. चौतीस वर्षांत आपण कधी तिरकी रेघ मारली नाही, हे ते पाहुण्यांना सांगायचे. आमच्याकडे तिरकी रेघ म्हणजे कामचोरपणा, असं मी न शिकवता शिकले.

आता गंमत बघा. प्रकल्पाच्या प्रशिक्षणात अनघा मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की कागदात ‘नव्हतं’ असा पुरावा असेल तरच ‘नाही’ निवडायचं. कागद गप्प असेल तर ‘माहीत नाही’. मी मान डोलावली होती, वहीत लिहूनही घेतलं होतं. पहिले आठ-दहा दिवस पाळलं. पण ‘माहीत नाही’ निवडलं की तो रकाना करड्या रंगाचा व्हायचा आणि संध्याकाळी पडद्यावर करडे ठिपके दिसले की मला अभ्यास न करता परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. हळूहळू माझा हात ‘नाही’कडे जायला लागला. पुलाचा उल्लेख सापडला नाही? पूल नाही. निरोपे सापडले नाहीत? निरोपे नाहीत. करडा रंग नाहीसा झाला, पडदा स्वच्छ दिसू लागला. खोटं सांगत नाही, मला त्याचा अभिमानही वाटला.

दुपार त्या दिवसांत फार हळू सरकायची. आई औषधाच्या गुंगीत झोपलेली, रस्त्यावर पहिली पाळी सुटल्याच्या बसगाड्यांचे हॉर्न, आणि बाल्कनीत आप्पा कांदा निवडत बसलेले. वर्षाचा कांदा ते गोणीने आणतात आणि वर्तमानपत्रावर ओतून एकेक हातात घेऊन तपासतात. अंगठ्याने मान दाबून बघतात. मान जाड असेल तर तो कांदा टिकत नाही, आधी खायचा. बारीक असेल ती गोल्टी, ती आमटीला. दोन जोडलेले निघाले तर वेगळे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण माल तपासल्याशिवाय आत घेणं त्यांना अजून जमत नाही. मला आत बसून तो अंगठा दिसायचा, कागदावर पडणाऱ्या कांद्याचा आवाज ऐकू यायचा, आणि इतकं निवांत आपण पुन्हा कधी असू की नाही असं वाटायचं.

अशाच एका दुपारी ते हात पुसत आत आले, चष्मा लावला आणि माझ्या मागे उभे राहिले. दुसऱ्याच्या चेकशीटवर नजर टाकायची त्यांची सवय जुनी. ते एकेक ओळ मोठ्याने वाचत होते. "बाजार, आहे. वजनमापं, आहे. कागद-निरोप पोचवणारी माणसं..." तिथे थांबले. "नाही?"

"त्या काळच्या कागदांत कुठं उल्लेख नाही, आप्पा."

"आपल्या गावचं हाय का ह्ये?"

आपलं गाव म्हणजे चाकणच्या पलीकडचं, जिथे आता कारखाने उभे आहेत आणि जुन्या वस्तीच्या जागी ट्रक लागतात. मी म्हटलं, "आपल्या गावासकट सगळ्या भागाचं."

ते खुर्ची ओढून बसले. "माझा आज्या काय करायचा, ठावं हाय तुला?"

मला ठाऊक होतं. म्हणजे ऐकून होते. पणजोबा गावकामगार होते. गावचा कागद खेडला पोचवायचा, वसुलीच्या थैलीबरोबर पायी जायचं, शिवेचं भांडण झालं की शीव दाखवायची, वेशीवर रात्र काढायची. त्यांच्या आधी त्यांचे वडील, त्यांच्याही आधी त्यांचे आजोबा. नाही म्हणण्याची सोय नव्हती. मोबदला म्हणजे सुगीला मिळेल ते धान्य आणि दारोदारची भाकरी. इतिहासात एम.ए. केलेल्या मला हे सगळं माहीत होतं आणि त्या रकान्यावर ‘नाही’ निवडताना ते एकदाही आठवलं नव्हतं. कागदात नव्हतं ना.

"काठी व्हती त्याच्याकडं, घुंगरं लावलेली," आप्पा म्हणाले. "मी पायलीय. टाचा अशा फाटलेल्या, की रुपाया अडकंल. माझ्या बापानं दीक्षा घेतली आन् त्या दिशी काठी बंबात घातली. तिच्यावर पाणी तापवून सगळ्यांनी आंघोळी केल्या. आज्या रडला न्हाई. म्हनला, बरं केलं."

"मग तुम्हाला हे नकोच असेल ना, नोंदीत?"

मी खरंच तसं समजत होते. त्या कामाबद्दल आमच्या घरात कोणी कौतुकाने बोलत नाही. ते सोडलं म्हणून आजोबा पिंपरीला आले, आप्पा कारखान्यात लागले, मी शिकले. आप्पांनी पडद्यावरच्या त्या ‘नाही’वर बोट ठेवलं. मग म्हणाले, "काम नको व्हतं, म्हून टाकलं. पर केलंच न्हाई, असं कसं लिवतीस?"

ते पुन्हा बाल्कनीत गेले. कांदा कागदावर पडल्याचा आवाज काही आला नाही. थोड्या वेळाने मी बघितलं तर ते हातात एक कांदा घेऊन रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

मी विचार करत राहिले. पुरावा कुठून येणार? ती काठी असती तर एखाद्या संग्रहालयात काचेमागे ठेवली असती, खाली पाटी असती, आणि मी खुशाल ‘आहे’ निवडलं असतं. पण ती जाळणं हीच आमच्या घरातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट होती. माणसं आपल्या मानासाठी पुरावा जाळतात, आणि पुढे कोणी लॅपटॉप घेऊन बसलेली, त्यांच्याच रक्ताची बाई, तिथे काही नव्हतंच असं ठरवते. खाली रस्त्यावर बस थांबली होती. कंपनीच्या कायम नोकरांची बस वेगळी, ठेकेदाराच्या पोरांचा टेम्पो वेगळा. टेम्पोतली पोरं उभी राहून जातात. कंपनीच्या हजेरीपटावर त्यांची नावं नसतात. आणखी दोनशे वर्षांनी तो हजेरीपट कोणाच्या हाती लागला, तर या गाड्या किती जणांनी जोडल्या याचं उत्तर काय येईल, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

अडचण एका रकान्याची नव्हती. तो गुपचूप बदलला असता तर कोणाला कळलंही नसतं. पण तो चुकला होता ज्या हाताने, त्याच हाताने दीड महिना बाकीचे रकाने भरले होते. त्यातले किती ‘नाही’ खरे आणि किती माझ्या टापटिपीचे, हे मलाही सांगता येत नव्हतं. सगळं पुन्हा कागदाला लावून बघायला हवं होतं आणि शीट द्यायला तीन आठवडे उरले होते. कबूल केलं तर मॅडम सगळंच काम बाद करू शकत होत्या. मग आमचा भाग त्या जगाच्या नकाशावरून गळलाच असता, पणजोबांसकट. दोन दिवस मी गप्प बसले. आई म्हणाली, "तोंड का असं झालंय? भाजीत मीठ न्हाई का?"

तिसऱ्या दिवशी मी आप्पांना सगळं सांगितलं. वर हेही म्हटलं की इतकी शीटं जातात, कोण बघणार आहे. ते कांदा निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "मी बी मारल्यात टिका. न तपासता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"एकदाच. सेकंड शिफ्ट व्हती, गाडी भरायची व्हती. शेवटच्या पेटीला हात न लावता टिका मारल्या. तिरकी रेघ मारायची लाज वाटली." कांदा त्यांनी खाली ठेवला. "काय झालं न्हाई त्याचं. माल गेला, परत आला न्हाई. पर ती पेटी मला अजून आठवती. बाकीच्या हजारो पेट्या आठवत न्हाईत."

चौतीस वर्षांची ती गोष्ट, पाहुण्यांना सांगायची, मला एकदम वेगळी ऐकू आली. त्यांचा राग आला नाही. उलट इतक्या वर्षांत ते मला इतके जवळचे कधी वाटले नव्हते. मी आत जाऊन मॅडमना फोन लावला.

अनघा मॅडम शांत बाई. पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पुन्हा तपासाल तीन आठवड्यांत?" मी हो म्हटलं. पणजोबांचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या भागांच्या कागदांत अशी माणसं सापडतात, सुजाता. तुमच्या भागासाठी आपण जो संच धरलाय त्यात ती नाहीत. आणि वडील सांगतात ते त्यांच्या आजोबांचं. आपला प्रश्न त्याच्याही शंभर-दीडशे वर्षं आधीचा. मी तिथे ‘आहे’ लिहू देऊ शकत नाही. ‘माहीत नाही’ लिहा, आणि शेऱ्यात वडिलांचं म्हणणं घाला."

हे आप्पांना कसं सांगायचं, याची मला धास्ती होती. ज्याच्या टाचा त्यांनी डोळ्यांनी बघितल्या, त्याच्यापुढे ‘माहीत नाही’. मी जेवताना सांगितलं. ते घास चावत राहिले. "म्हंजी तिरकी रेघ," म्हणाले.

"हो. तिरकी रेघ."

"म्हंजी रिजेक्ट न्हाई. तपासायचं ऱ्हायलंय." त्यांनी ताटातला कांदा उचलला. "मग चालंल. खरं हाय ते."

ते तीन आठवडे, आता विचाराल तर, माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते. आप्पा शेजारी खुर्ची घेऊन बसायचे. मी रकाना वाचायचे आणि ते प्रत्येक वेळी तेच विचारायचे, "कागदात ‘न्हाई’ म्हून लिवलंय, का लिवलेलंच न्हाई?" दहांतल्या सहा-सातांना मला मान खाली घालून सांगावं लागायचं, "लिहिलेलंच नाही." मग तो रकाना करडा. आई फेऱ्या मारता मारता विचारायची, "किती झालं गं बापलेकीचं?" तिचे आकडे आता अकरा, बारा, तेरा असे नीट येत होते, गुडघा वाकायला लागला होता. बाहेर सालं उडत होती, एखादं खिडकीतून येऊन कीबोर्डवर बसायचं. पडदा करड्या ठिपक्यांनी भरत गेला आणि मला त्याची लाज वाटेनाशी झाली. एवढ्या मोठ्या मुलखाबद्दल, एवढ्या माणसांबद्दल आपल्याला इतकं कमी माहीत आहे, हे निदान आता दिसत तरी होतं.

शेरा आप्पांनी सांगितला, मी टाइप केला. ‘तोंडी माहिती. गावकामगाराच्या नातवाने दिली. काम पिढीजात. काठी होती, घरच्यांनी जाळली.’ नाव घालू का विचारलं, तर नको म्हणाले. चेकशीटच्या तळाला तपासणाऱ्याची सही असते, ती मात्र त्यांना हवी होती. सही घालायची तिथे सोय नव्हती. त्यांनी जरा विचार करून आणखी दोन शब्द घालायला लावले. ‘तपासणी बाकी.’

पुढच्या फाल्गुनात मी गोणी आणायला मोशीला गेले, तेव्हा मॅडमचा निरोप फोनवर येऊन पडला होता. सोबत आलेख होता. जगभरचे समाज, प्रत्येकाचा एकेक ठिपका, आणि ठिपक्यातून वरखाली जाणारी एक उभी रेघ. कोणाची नखाएवढी, कोणाची जरा मोठी. आमच्या भागाची सगळ्यात लांब. मी बाल्कनीत आप्पांना दाखवला. ते पोत्यावर बसून कांदा निवडत होते, आई शेजारी सालं झाडत होती, वॉकरशिवाय.

"ही रेघ कसली?" त्यांनी विचारलं.

"आपल्याला नक्की माहीत नाही त्याची. खरा आकडा इथून इथपर्यंत कुठंही असू शकतो. मी सगळीकडे ‘नाही’ भरलं होतं, ते तसंच राहिलं असतं तर ही आखूड आली असती."

"कंपनीत येवढी फरकाची रेघ आली असती तर आख्खा माल परत धाडला असता," ते म्हणाले, आणि हसले. मग हातातला कांदा खाली ठेवला, अंगठा सदऱ्याला पुसला आणि त्या रेघेवर टेकवला. मोबाइलवरचं चित्र मोठं झालं, त्यांना चालत होतं. त्यांनी अंगठा खालपासून वरपर्यंत सावकाश नेला, कांद्याची मान बघतात तसा.

"बसतोय की ह्याच्यात," ते म्हणाले.

"कोण?"

"माझा आज्या."

त्यांनी अंगठा काढला आणि पुढचा कांदा हातात घेतला.